ठाण्याच्या फलाटावरून ओळखा: गाडीच्या डब्यांना वीज येते कुठून?

इंजिन इलेक्ट्रिक दिसले की डब्यातला एसीही इंजिनच्याच विजेवर चालतो, असे मानून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. उलट बाजूला, शेपटाला जनरेटरचा डबा दिसला की 'ही गाडी डिझेलवर एसी चालवते' असा शेरा मारणारेही तितकेच. दोन्ही निष्कर्ष घाईचे. इलेक्ट्रिक इंजिन ओढत असूनही डबे स्वतःच्या चाकांवर वीज तयार करत असतील. जनरेटरचा डबा जोडलेला असूनही तो थंड पडलेला असेल.

चूक होते ती बघण्याच्या क्रमात. लोक इंजिनापासून सुरुवात करून डब्यांकडे येतात. क्रम उलटा हवा: आधी डबा, मग दोन डब्यांमधली फट, मग जनरेटरचा डबा आणि इंजिन सर्वांत शेवटी. ठाणे स्टेशनात गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते. तेवढ्यात हे सगळे उरकायचे तर कुठे उभे राहायचे आणि कशानंतर काय पाहायचे, ते आधीच ठरलेले असले पाहिजे.

## तयारी: तीन पद्धती डोक्यात पक्क्या करा

पहिली पद्धत डब्याच्या स्वतःच्या विजेची, म्हणजे एसजी. चाकांच्या आसाला पट्ट्याने जोडलेला अल्टरनेटर फिरतो, 110 व्होल्ट डीसी तयार होते आणि डब्याखालच्या बॅटऱ्या भरत राहतात. साध्या डब्याला साधारण 4.5 किलोवॅटचा एक अल्टरनेटर पुरतो, एसी डब्याला 25 किलोवॅटचे दोन लागतात. गाडी उभी राहिली की सगळा भार बॅटरीवर.

दुसरी पद्धत टोकाच्या जनरेटरची, म्हणजे ईओजी. गाडीच्या टोकाला पॉवर कार असते. तिच्यातले डिझेल जनरेटर 750 व्होल्टची तीन फेजची वीज तयार करून सगळ्या डब्यांना पुरवतात.

तिसरी पद्धत इंजिनाकडून येणाऱ्या विजेची, म्हणजे एचओजी. वरच्या तारेतून आलेली 25 हजार व्होल्टची वीज इंजिनातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरते. या ट्रान्सफॉर्मरला गाडी ओढण्याच्या कामापलीकडे डब्यांसाठी वेगळे वाइंडिंग असते. डब्लूएपी-7 या इलेक्ट्रिक इंजिनात ते 945 केव्हीएचे (केव्हीए हे विजेच्या भाराचे माप), 960 व्होल्टचे आहे. तिथून वीज कन्व्हर्टरमध्ये जाते. 500 केव्हीएचे दोन कन्व्हर्टर एका फेजच्या विजेची तीन फेजची, 750 व्होल्टची, 50 हर्ट्झची वीज करून देतात.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवा: ईओजी आणि एचओजी, दोन्हींत डब्यांपर्यंत पोचणारी वीज एकसारखीच, 750 व्होल्टची असते. डब्याला ती जनरेटरकडून आली की इंजिनाकडून, याचा पत्ता नसतो. म्हणूनच नुसता डबा बघून या दोघांतला फरक कळणार नाही.

750च का, हा प्रश्न पडतोच. 500 केव्हीए भार 750 व्होल्टने तीन फेजमध्ये नेला तर प्रत्येक फेजमधून सुमारे 385 अँपिअर वाहतात. जाड केबलला ते झेपते. तोच भार एसजीसारखा 110 व्होल्ट डीसीने न्यायचा म्हटला तर साडेचार हजार अँपिअर. तेवढी केबल दोन डब्यांच्या मध्ये लोंबकळतच राहू शकणार नाही. आणि वरच्या तारेत? 945 केव्हीएला 25 हजारांनी भागा. जेमतेम 38 अँपिअर.

सोबत काय घ्यावे: प्लॅटफॉर्म तिकीट (10 रुपये, दोन तास चालते), छोटी वही, पेन. फ्लॅश बंद. लोको पायलटच्या दिशेने टॉर्च मारायचा नाही.

सावधान: सेल्फी स्टिक, धातूची काठी, लांब छत्री वर करू नका. 25 हजार व्होल्टच्या तारेला हात लागावाच लागतो असे नाही. तिच्यापासून दोन मीटरच्या आत जाणेही जिवावर बेतू शकते. फलाटाच्या कडेवरून वाकून फटीत डोकावणे तर अजिबात नको. जे फलाटावर सरळ उभे राहून दिसते, तेवढेच पाहायचे.

## टप्पा 1: उभे राहण्याची जागा

ठाण्यात 9 आणि 10 हे ट्रान्सहार्बरचे, वाशी-पनवेलकडच्या लोकलचे. तिथे आपले काम नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी पलीकडचे फलाट बघा आणि फलाट क्रमांक त्या दिवशीच्या घोषणेवरूनच ठरवा.

मुंबईहून सुटलेली गाडी पाहायची असेल तर फलाटाच्या कल्याण टोकाला जा. इंजिन तुमच्याजवळ येऊन थांबेल, इंजिन आणि पहिला डबा यांच्यामधली फट समोर येईल. गाडी सुटली की एकेक डबा करत अख्खी गाडी तुमच्यासमोरून जाईल आणि शेवटची पॉवर कार आपोआप कानाजवळून जाईल. धावपळ काहीच नाही. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीसाठी हेच गणित उलटे, मुंबई टोकाला.

नेहमीची चूक: लोक जिन्याजवळ, फलाटाच्या मध्यावर उभे राहतात. तिथून इंजिन दिसत नाही आणि शेपूटही. मग गर्दीतून पळत सुटतात, तोवर गाडी हललेली असते.

डब्याच्या पोटाखालचे बघायचे असेल तर मात्र समोरचा फलाट गाठा. फलाट उंच असल्यामुळे तुमच्या बाजूची चाके आणि पेट्या झाकल्या जातात. रुळाच्या पलीकडून त्या स्वच्छ दिसतात. एकाच दिवशी दोन्ही जमवायचा हट्ट नको. एक गाडी आज या बाजूने, पुढच्या खेपेला त्या बाजूने.

## टप्पा 2: डबा कोणत्या जातीचा

रंगावर जाऊ नका. रंग बदलतात, डबा तोच राहतो.

दोन डब्यांच्या सांध्यात दोन्ही बाजूंना गोल थाळ्यांसारखे बफर एकमेकांना टेकलेले दिसले तर तो बहुधा आयसीएफ, म्हणजे जुन्या रचनेचा डबा. बफर नाहीत, मधोमध मुठीत मूठ अडकवावी तसा एकच कपलर आहे, तर बहुधा एलएचबी, म्हणजे नव्या रचनेचा डबा.

आता पोटाखाली बघा, समोरच्या फलाटावरून. बोगीला, म्हणजे चाकांच्या सांगाड्याला, टांगलेला अल्टरनेटर, त्याला चाकाच्या आसाकडून येणारे काळे पट्टे आणि मधोमध लांबलचक बॅटरी बॉक्स दिसले की डबा एसजी आहे. एसी डब्यातल्या बॅटऱ्या 1100 अँपिअर-अवरच्या असतात, त्यामुळे पेटी नजरेत भरण्याइतकी मोठी असते. हे सगळे दिसले तर काम संपले: इंजिन कोणतेही असो, या डब्याची वीज त्याच्या चाकांची आहे.

अल्टरनेटर नाही, पट्टे नाहीत, पण पोटाखाली ट्रान्सफॉर्मरची पेटी आहे, तर तो बाहेरून वीज घेणारा डबा. त्यात 60 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर 750 चे 415 व्होल्ट करतो. त्यावर छतातली एसीची दोन यंत्रे चालतात. दिवे आणि चार्जिंगसाठी व्होल्टेज आणखी खाली, 110 वर उतरते. छोटी बॅटरी याही डब्यात असते, पण ती आणीबाणीच्या दिव्यांपुरती.

तपासा: सगळे एलएचबी डबे बाहेरून वीज घेणारे, असे गृहीत धरू नका. काही एलएचबी डबे एसजी आहेत. अल्टरनेटर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय वहीत काही लिहायचे नाही.

## टप्पा 3: दोन डब्यांमधली फट

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या.

फटीत बऱ्याच गोष्टी लोंबत असतात. त्यांतल्या विजेच्या केबल कोणत्या, हे आधी वेगळे काढा.

रबरी नळ्या: या ब्रेकच्या हवेच्या. त्यांच्या मुळाशी असलेल्या कॉकचे रंग बघा. ब्रेक पाइपचा हिरवा, फीड पाइपचा पांढरा. यांत वीज नाही.

बारीक केबल: उद्घोषणा आणि तत्सम जोडण्यांच्या. एसजी गाडीतही असतात. बारीक केबल दिसली म्हणून '750 व्होल्ट' लिहिणारे कमी नाहीत.

जाड काळ्या केबल: मनगटाएवढ्या, डब्याच्या टोकाला डावी-उजवीकडून निघून खाली झोळ घेत समोरच्या डब्याच्या सॉकेटमध्ये जाणाऱ्या, टोकाला भक्कम धातूचे डोके आणि खिट्टी. याच आपल्या कामाच्या.

त्या जोडीने का असतात? गाडीभर दोन फीडर, म्हणजे वीज नेणाऱ्या दोन मुख्य वाहिन्या धावतात, ए आणि बी. प्रत्येक डबा दोन्हींपैकी एकावरून वीज घेतो. एक फीडर गेला तर डब्यातल्या पॅनेलवरून कर्मचारी तो डबा दुसऱ्यावर टाकू शकतात. या केबलच्या आत मुख्य तारांबरोबर इंटरलॉकच्या बारीक ताराही असतात. एखाद्या केबलचे डोके सॉकेटमध्ये नीट बसले नसेल तर ही साखळी तुटलेली राहते आणि पुरवठा चालूच होत नाही. उघड्या तोंडाच्या सॉकेटमध्ये 750 व्होल्ट येऊ नयेत, यासाठीची ही सोय.

आणखी एक बारकावा, जो फलाटावरून सहज दिसतो. केबल ज्या डब्यातून निघाली त्याच डब्यावरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये परत खोचलेली असेल, तर ती जोडलेली नाही. वाऱ्यावर आपटू नये म्हणून तिला तसे 'पार्क' करतात. केबल आहे एवढे पाहून भागत नाही. तिचे दुसरे टोक कुठे गेले, ते पाहा.

सावधान: डब्या-डब्यांमध्ये जोडलेली जाड केबल हा एचओजीचा पुरावा नाही. ती ईओजी गाडीतही तशीच असते. या टप्प्यावर वहीत फक्त 'बाहेरून वीज' एवढेच लिहा.

## टप्पा 4: पॉवर कार जागी आहे की झोपलेली

डब्यावरचा कोड वाचता आला तर उत्तम: एलएचबी पॉवर कारवर एलडब्लूएलआरआरएम लिहिलेले असते. नाही तर बाजूच्या मोठ्या जाळ्या बघा, हवा खेळायला केलेल्या.

गाडी सुटताना ती तुमच्यासमोरून जाईल तेव्हा डोळ्यांपेक्षा कानांवर विश्वास ठेवा. जनरेटर चालू असेल तर फलाटावर उभ्या माणसालाही बाजूच्याचे बोलणे ऐकू येत नाही. छतावरची हवा तापून थरथरते, डिझेलचा वास येतो. शांत गेली तर ती फक्त सोबतीला आहे.

एचओजीवर चालणाऱ्या गाड्यांत साधारणपणे एक पॉवर कार राखीव म्हणून राहते आणि दुसरीच्या जागी एलएसएलआरडी, म्हणजे बसण्याची जागा, सामान आणि दिव्यांगांची सोय असलेला डबा लावतात. त्यामुळे एका टोकाला पॉवर कार आणि दुसऱ्या टोकाला हा डबा अशी रचना दिसली की एचओजीची शक्यता वाढते. शक्यताच. जनरेटरचा आवाज येत असेल, तर रचनेपेक्षा आवाज खरा.

## टप्पा 5: इंजिन आणि पहिला डबा

आता इंजिनाकडे या. ही फट गाडी उभी असतानाच पाहून ठेवायची, निष्कर्ष मात्र पॉवर कार ऐकल्यावरच काढायचा. नवख्या माणसाने हा टप्पा आधी केला की पुढचे चारही बिघडतात.

या एकाच फटीत ईओजी आणि एचओजी वेगळे ओळखू येतात. इंजिनाच्या सॉकेटमधून जाड केबल निघून पहिल्या डब्यात गेली आहे? मग वीज इंजिनाकडून येऊ शकते. फटीत फक्त कपलर आणि हवेच्या नळ्या आहेत? मग येऊच शकत नाही.

'येऊ शकते' आणि 'येते' यांत अंतर आहे. केबल जोडलेली असूनही कन्व्हर्टर बंद आणि जनरेटर चालू, असे होऊ शकते. म्हणून नियम असा: केबल जोडलेली अधिक पॉवर कार शांत अधिक डब्यात दिवे-एसी चालू, असे तिन्ही जमले तरच एचओजी लिहा.

इंजिनाच्या नावावरून काय कळते? डब्लूएपी-7 आणि डब्लूएपी-5 मध्ये या पुरवठ्याची सोय असते, पण जुन्या प्रत्येक इंजिनात सुरुवातीपासून कन्व्हर्टर नव्हता. डब्लूएपी-4 पुढे दिसले तर एलएचबी गाडीत जनरेटरचा आवाज अपेक्षितच धरा. कोकणच्या गाड्यांबाबत अजून अनेकांच्या डोक्यात डिझेल इंजिन आहे. त्या मार्गाचे विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झाले. तेव्हा दिवा-पनवेलमार्गे जाणारी गाडी म्हणून आधीच 'ईओजी' लिहून ठेवू नका.

पॉवर कार इंजिनाला लागूनच असेल तर गोंधळ ठरलेला. इंजिनाची वीजही तिच्यातूनच मागे जाते. तेव्हा पॉवर कार आणि तिच्यामागचा डबा यांच्यातली केबल बघून काहीच सिद्ध होत नाही. इंजिन आणि पॉवर कार यांच्यामधली फट बघा.

आणि घाटातले बँकर. कर्जतला किंवा कसाऱ्याला 1:37 चा चढ चढायला मागे इंजिने लागतात. ती ढकलायला असतात. 'मागे दोन-तीन इंजिने लागली, आता एसी जोरात चालेल' हे वाक्य डब्यात हमखास ऐकू येते. तसे काही होत नाही.

## टप्पा 6: गाडीत बसला असाल तर

बाहेरून बघितलेल्याची खातरजमा आतून करता येते आणि ती माझ्या मते सगळ्यात भरवशाची.

वरच्या तारेत मधूनमधून न्यूट्रल सेक्शन असतात. दोन वेगळ्या फेजच्या विजेचा संबंध येऊ नये म्हणून ठेवलेला हा निर्जीव तुकडा. त्याच्या 500 आणि 250 मीटर आधी सूचनाफलक असतात. तिथे लोको पायलट मुख्य ब्रेकर उघडतो, म्हणजे इंजिनाची वीज तोडतो, तुकडा ओलांडला की पुन्हा जोडतो. तेवढा वेळ इंजिनाला वीज नाही, म्हणजे एचओजी डब्यालाही नाही. एसीची घरघर अचानक थांबते, आणीबाणीचे दिवे राहतात आणि थोड्याच वेळात पंखे, मग एसी असे एकेक सुरू होते.

एसजी किंवा ईओजी गाडीत याच जागी काहीही जाणवत नाही. बॅटरीला आणि जनरेटरला वरच्या तारेशी देणेघेणे नाही.

तपासा: एकदा झालेली झपक पुरावा म्हणून घेऊ नका. जाताना आणि येताना त्याच ठिकाणी झाली तर नोंद पक्की.

लोकलमध्येही दिवे असेच जातात, पण लोकलला वेगळे इंजिनच नाही. तिच्या डब्यांमध्येच ट्रान्सफॉर्मर आणि कन्व्हर्टर असतात. वंदे भारतचेही तेच. या दोन्ही गाड्या एचओजीच्या रकान्यात घालू नका, त्यांना वहीत वेगळे पान द्या.

चार्जिंगचा सॉकेट रात्री 11 ते पहाटे 5 बंद ठेवण्याचा रेल्वेचा नियम आहे. सॉकेट मेला म्हणजे पुरवठा बिघडला, हा निष्कर्ष त्या वेळात काढू नका. आणि 110 व्होल्टच्या त्या सॉकेटवर किटली लावण्याचा प्रयोग कोणत्याच वेळी नको.

## टप्पा 7: इंजिन लागताना बघायचा क्रम

ठाण्यात इंजिन बदलताना दिसत नाही. त्यासाठी पनवेलहून किंवा लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी गाडी गाठा, सुटायच्या बऱ्याच आधी. काम कर्मचाऱ्यांचे, आपण फक्त पाहायचे.

1. इंजिन हळू येऊन कपलर अडकतो. खणकन आवाज येतो, मग ओढून खात्री करतात.
2. हवेच्या नळ्या जोडतात, कॉक उघडतात, ब्रेकची चाचणी होते.
3. विजेची केबल जोडतात, तेव्हा दोन्ही बाजू मृत असतात. इंजिनाकडचा पुरवठा बंद, डब्यांकडचा फीडरही बंद. डोके सॉकेटमध्ये बसवून खिट्टी लावतात.
4. जनरेटर चालू असेल तर त्याचा भार केबल जोडण्याआधीच काढलेला असतो. जनरेटर आणि इंजिन एकाच फीडरला एकाच वेळी वीज देत नाहीत.
5. निरोप मिळाल्यावर लोको पायलट डब्यांचा पुरवठा चालू करतो.

तिसऱ्या पायरीपासून पाचवीपर्यंत, आणीबाणीचे दिवे सोडले तर, सगळ्या डब्यांतले दिवे गेलेले असतात. प्रवासी ओरडतात, कुणीतरी मोबाइल काढून तक्रार करायला घेतो. बिघाड काहीच नसतो. अदलाबदल अशीच होते.

इंजिन काढताना क्रम उलटा: पुरवठा बंद, केबल काढून पार्क, मग नळ्या, शेवटी कपलर. केबल राहून गेली आणि इंजिन पुढे सरकले तर सॉकेटच उपटून निघतो. म्हणून इंजिन सुटण्याआधी त्या फटीकडे दोनदा बघणारा माणूस दिसला, तर तो उगाच वेळ काढत नाही.

## टप्पा 8: 'एसी कमी चालतोय' याचा अर्थ लावताना

समजा भर उन्हाळ्यात एका एसी डब्याचा भार 45 केव्हीए धरला. असे 20 डबे म्हणजे 900. दोन कन्व्हर्टर मिळून कागदावर 1000 होतात, पण मागचे वाइंडिंग 945चे, म्हणून तेच खरे वरचे टोक. 900 त्यात बसतात, फार मोकळी जागा उरत नाही. एक कन्व्हर्टर बंद पडला तर 500 उरतात, म्हणजे जेमतेम 11 डब्यांपुरते. मग काही डब्यांतले एसी बंद ठेवा, किंवा राखीव जनरेटर जागा करा.

त्यामुळे एकाच डब्यात गरम होत असेल तर दोष बहुधा त्या डब्यातच शोधा: यंत्र, ट्रान्सफॉर्मर, फीडरचा स्विच. अनेक डब्यांत एकदम गरम होऊ लागले तर वरच्या पुरवठ्याकडे बघा. गाडीतल्या एसी मेकॅनिकला 'इंजिन बिघडलंय का?' असे विचारू नका. 'कोणत्या फीडरवर आहोत, पॉवर कार चालू केली का?' असे विचारा. उत्तर लगेच मिळते.

वहीत गाडीचा क्रमांक, तारीख, इंजिनाचा प्रकार, डब्याची जात, पहिल्या फटीतली केबल, पॉवर कारचा आवाज आणि निष्कर्ष असे रकाने ठेवा. पॉवर कार ऐकू आली नाही, कारण शेजारून लोकल गेली? त्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाका आणि निष्कर्ष कोरा सोडा.